आधी घुरघुर घालवायची

ॲम्प्लिफायर बांधण्याचा नाद मी ठरवून सोडला नव्हता. नोकरी लागली, बदल्या झाल्या, मुलांच्या शाळा आल्या, आणि सोल्डरिंगचं सामान असलेला पत्र्याचा डबा प्रत्येक बदलीत एका घराच्या माळ्यावरून दुसऱ्या घराच्या माळ्यावर जात राहिला. निवृत्तीनंतर माझ्या गावी, करमाळ्याला, कायमचा परतलो, तेव्हा तो खाली उतरला. आत होते बेलचे, म्हणजे आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, ट्रान्झिस्टर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, राळेचा खडा, फेरिक क्लोराइडची डाग पडलेली बाटली आणि सर्किटांनी भरलेली वही. तेव्हापासून मी पुन्हा त्या टेबलाशी बसू लागलो. जे उमगत गेलं ते लिहितो आहे. ज्यांनी पेटी, कॅमेरा किंवा रंगांची पेटी अशीच मध्ये ठेवून दिली आणि पुढे पुन्हा उघडली, त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल.

१. डोकं विसरतं ते हाताला आठवतं. ट्रान्झिस्टरचे तीन पाय कुठल्या क्रमाने असतात, हे मला पुन्हा पुस्तकात बघावं लागलं. पण इस्त्री हातात घेतली (सोल्डरिंग आयर्नला आमच्याकडे अजून इस्त्रीच म्हणतात) आणि हात आपोआप तसाच तिरका झाला. टोक एकाच वेळी पायाला आणि तांब्याच्या पट्टीला टेकवायचं, दोन्ही तापू द्यायचे, आणि कथील टोकाला न लावता सांध्याला लावायचं. जागा पुरेशी तापली असेल तर कथील स्वतःहून पसरतं आणि चकचकीत राहतं. मळकट, दाणेदार दिसलं तर तो ड्राय सोल्डर. आज चालेल, उद्या दगा देईल. रंगांचंही तसंच झालं. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, ही साखळी मनात कुठे साठवलेली होती कोण जाणे, पण रेझिस्टर बोटांत फिरवताच आकडा ओठांवर यायला लागला. डोळ्यांची मात्र वेगळी गोष्ट. आताचे पृष्ठभागावर चिकटवायचे बरेच रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्यासाठी दिव्याचं भिंग घेतलं, आणि कामाला सकाळच्या उजेडाची वेळ ठरवली. अजूनही मी ६०-४० चं शिशाचं कथील वापरतो. ते १८३ अंशांपासून वितळू लागतं, बिनशिशाच्या कथिलाला २१७ च्या वर जावं लागतं. पण राळेचा धूर आणि शिसं दोन्ही वाईटच, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि काम संपलं की साबणाने हात धुवायचे, हे दोन नियम नातवंडं टेबलाभोवती जमायला लागल्यावर मी पक्के केले.

२. पूर्वी टंचाई वस्तूंची होती, आता खात्रीची आहे. करमाळ्यात तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारे होते, पण नवे सुटे भाग मिळायचे ते पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, नाहीतर थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. कुणी पुण्याला निघालं की त्याच्याकडे यादी द्यायची, आणि परतीच्या एसटीची वाट बघायची. यादीतलं सगळं कधीच यायचं नाही. बीसी १४८ च्या जागी बीसी १४७ यायचा, मग दोन्हींच्या मर्यादा ताडून बघायच्या. १४७ जास्त व्होल्टेज सोसतो, तेव्हा चालेल. उलट असतं तर विचार करावा लागला असता. त्या अडचणीतून जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं. हातातला भाग काय करतो, हे कळल्याशिवाय बदली भाग निवडताच यायचा नाही.

आता फोनवर बोट टेकवलं की कुरिअरवाला करमाळ्यात दारात पुडकं आणून देतो. या सोयीचा मला मनापासून आनंद आहे. पण पुडक्यात जे आहे ते खरंच तेच आहे का, हा प्रश्न नवा आहे. २एन ३०५५ हा धातूच्या टोपीचा दणकट ट्रान्झिस्टर, ६० व्होल्ट आणि १५ अँपिअर त्याच्या नावावर. आज त्याच छापाच्या टोपीत कित्येकदा फारच छोटा सिलिकॉनचा तुकडा बसवलेला निघतो. मीटरवर तो चांगला दिसतो आणि खरा भार पडला की जातो. साऊंडवाल्यांचा लाडका ४४४० घ्या. जपानच्या सान्योचा एलए ४४४०, दोन्ही बाजूंना ६-६ वॅट, जोडून घेतला तर १९. सान्योचा तो सगळा सेमीकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडे गेला, तरी ४४४० चे बोर्ड आपल्याकडे आजही ढिगाने मिळतात. ते कुणी बनवले, हे बोर्डवर लिहिलेलं नसतं. म्हणून आता आवाजाच्या वाटेतले मोठे भाग मी अधिकृत वितरकाकडून, पावतीसकट घेतो; महाग पडले तरी. आणि आलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर आधी टेस्टरवर लावून त्याचा आकडा वहीत लिहितो.

३. वॅटचा मोह गेला, आणि तो गणिताने घालवला. तरुणपणी आम्हा मित्रांची सगळी चर्चा वॅटची असायची. पुढे नव्वदच्या दशकात तर खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारो वॅट छापून यायला लागले. परत आल्यावर मी डेसिबलचं प्रकरण पुन्हा नीट वाचलं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपत. तोच आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर १० डेसिबल हवेत, आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. १० वॅटचा ॲम्प्लिफायर असलेल्याने १०० वॅटचा बांधला, तर त्याच्या वाट्याला दुप्पट आवाज येतो, पण ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि खर्च मात्र कितीतरी पटींनी. साधारण स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. घरच्या खोलीत बसून गाणं ऐकताना आपण बहुतेक वेळ त्या पहिल्या एका वॅटातच असतो.

हे समजल्यावर गावातल्या आवाजाकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मिरवणुकीत भिंतीसारख्या रचलेल्या पेट्यांतून येतो तो दाब, आणि तो छातीवर बसतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. त्या आकड्यांच्या शेजारी मिरवणुकीचा आकडा ठेवून बघा. मला या विषयात मवाळ होता येत नाही. घरात तान्हं मूल आणि म्हातारं माणूस असताना खिडक्या थरथरतात, तेव्हा त्याला संगीत म्हणायला माझं मन तयार नाही. आवाज वाढवण्याची विद्या आम्ही लोकांनीच हौसेने गल्लीबोळात नेली. ती कमी करण्याची विद्याही आम्हीच न्यायला हवी.

४. माझं निम्म्याहून जास्त काम ऐकू न येणाऱ्या गोष्टींवर चालतं. परतीच्या या वाटेवर मला सर्वांत जास्त चकित केलं ते याने. गाणं सुरू असताना कुठलाही ॲम्प्लिफायर बरा वाटतो. गाणं थांबवा, आवाज वाढवा आणि स्पीकरला कान लावा. घुरघुर आहे? सळसळ आहे? बांधणाऱ्याची परीक्षा तिथे होते.

घुरघुरीचं मूळ शोधायला मला आवडतं, कारण ती खोटं बोलत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. तीच घुरघुर थेट ऐकू आली तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठेतरी वायरीत शिरतं आहे, किंवा इनपुटची वायर उघडी आहे. तिच्यापेक्षा एका सप्तकाने चढी, १०० हर्ट्झची असेल, तर ती डायोडच्या पलीकडून आली. डायोडचा पूल विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतो, म्हणून मोठ्या कपॅसिटरला सेकंदाला १०० झटके बसतात. हे झटके क्षणिक पण जोरदार असतात. समजा, ५ अँपिअरचा झटका १० मिलिओहमच्या तारेतून गेला. तार जाड आहे, डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिच्या दोन टोकांमध्ये ५० मिलिव्होल्ट उभे राहिले. मोबाइलमधून येणारं गाणंच मुळात काही शे मिलिव्होल्टचं. आता इनपुटची ग्राउंड त्याच तारेवर जोडली असेल, तर ते ५० मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात आणि पुढे मोठे होऊन स्पीकरमधून बाहेर पडतात. म्हणून झटक्यांची वाट वेगळी, गाण्याची वाट वेगळी, आणि दोघांची भेट एकाच ठरवलेल्या बिंदूवर. याला स्टार ग्राउंड म्हणतात. सर्किटच्या नकाशात ग्राउंडचं चिन्ह सगळीकडे एकच असतं, त्यामुळे नकाशावरून हे कधी कळत नाही. ते तारांवरून बोट फिरवून, प्रवाह कुठून निघाला आणि कुठून परत आला हे स्वतःशी बोलून समजून घ्यावं लागतं. अशा एका तारेची जागा दोन बोटं इकडे सरकवली आणि घुरघुर बंद पडली, की मला जो आनंद होतो तो पूर्वी कधी १०० वॅटनेही दिला नव्हता.

५. सळसळीचं मूळ पदार्थातच असतं, आणि हे कळल्यावर मी नम्र झालो. रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असला तरी त्याच्या आतले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलत असतात आणि टोकांवर सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ते मोजलं, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, आणि १९२८ साली दोघांचे लेख छापून आले. १० किलोओहमच्या रेझिस्टरवर, आपल्याला ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात, ते सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट भरतं. महागातला महाग रेझिस्टर घेतला तरी या मर्यादेखाली जाता येत नाही. फक्त ओहमचा आकडा कमी ठेवता येतो. व्हॉल्यूमचा १०० किलोचा पॉट काढून १० किलोचा घातला की ही सळसळ साधारण एक तृतीयांशावर येते. मात्र आधीच्या यंत्राला तेवढा भार पेलला पाहिजे.

टेपच्या सळसळीवर ज्यांनी उपाय काढला त्या रे डॉल्बी यांचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे, हे मला परत आल्यावरच कळलं. १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांची युक्ती अशी, की रेकॉर्ड करताना गाण्यातला हळू भाग आधीच उचलून धरायचा, आणि वाजवताना तो तेवढाच खाली आणायचा. खाली येताना टेपची सळसळही त्याच्याबरोबर खाली जाते. आमच्या पिढीने कॅसेटच्या खोक्यावरचा तो दोन डींचा शिक्का हजारदा पाहिला असेल. त्यामागे एवढा साधा विचार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तसाच दुसरा विचार हॅरोल्ड ब्लॅक यांचा. २ ऑगस्ट १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत त्यांना तो सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी तो उतरवला. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा अंश उलटा करून परत इनपुटला द्यायचा. म्हणजे यंत्र स्वतःचीच चूक बघतं आणि दुरुस्त करतं. यात वाढवण्याची ताकद बरीच गमवावी लागते. कमावलेलं असं सोडून द्यायचं, हे तेव्हाच्या लोकांना इतकं विचित्र वाटलं, की पेटंट मिळायला ९ वर्षं गेली. आज माझ्या टेबलावरच्या प्रत्येक बोर्डात ती परतीची वाट आहे.

६. अर्थिंग पुस्तकात असतं त्यापेक्षा आपल्या मातीत जास्त असतं. जुन्या घरात तीन पिनांचे बोर्ड होते, पण तिसऱ्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नव्हतं. गावोगाव अशी घरं अजून आहेत. आधी मी तेवढंच काम हाती घेतलं. परसात खोल खड्डा, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. आपल्याकडची जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते, ओल खाली जाते, आणि कोरड्या मातीचा विरोध वाढतो. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होतं. म्हणून मोगऱ्याला पाणी घालायला गेलं की एक बादली त्या नरसाळ्यात, असा नियमच केला. यामुळे घुरघुर कमी होते हे खरं, पण ते दुय्यम आहे. लोखंडी चेसिसवर २३० व्होल्ट उतरले तर फ्यूज जायला हवा, माणूस जायला नको.

७. करमाळ्यात बांधायचं तर उसाच्या मोटरींचा विचार करून बांधावं लागतं. उजनी धरणाच्या पाण्याने तालुक्याचा बराच भाग ऊस आणि केळीचा झाला. शेतीपंपांची वीज सुरू असते तेव्हा गावाकडच्या लाइनवर व्होल्टेज दबतं, आणि मोटरी एकदम बंद झाल्या की चढतं. टीडीए २०३० ही गुणी चिप. तिची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट. बऱ्याच पुस्तकी सर्किटांत तिला १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो. हिशोब करा. १२ ला १.४१४ ने गुणलं, डायोडचे ०.७ वजा केले, १६.३ आले. ठीक. आता घरात २३० च्या जागी २५३ आले, तर तेच १८ ला टेकतात, आणि आवाज बंद ठेवून यंत्र नुसतं चालू असलं तर ट्रान्सफॉर्मर आणखी थोडं जास्तच देतो. चिपचा काय दोष? मी ९-०-९ चा लावतो. मग दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट मिळतात, ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ वॅट. मघाचा डेसिबलचा हिशोब लक्षात असेल तर या ६ वॅटची कुणाला खंत वाटणार नाही.

८. जुन्या भागांना घाई चालत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर झिजलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो फुगतो, कधी फुटतो. मोठा रेझिस्टर मध्ये घालून हळूहळू, तासन्‌तास व्होल्टेज चढवलं तर थर पुन्हा बनतो आणि कित्येक कपॅसिटर कामाला लागतात. जे लागत नाहीत ते बदलायचे. आपल्या उन्हाळ्यात पेटीच्या आतलं तापमान फार चढतं, आणि दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य अर्धं होतं हा ढोबळ नियम. तसंच पहिल्यांदा वीज देताना यंत्राच्या ओळीत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. हा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, एलईडीला हे काम जमत नाही. जेऊरच्या एका जुन्या किराणा दुकानात काही शिल्लक होते, ते मी जपून ठेवले आहेत.

९. माझा कान आता माझा पूर्वीचा कान नाही. संगणकावरून एकेक सूर काढून मी स्पीकर तपासत होतो. ८ हजार हर्ट्झ, १० हजार, आणि पुढे शांतता. मला वाटलं ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, गेला. शेजारी बसलेली नात कानावर हात ठेवून म्हणाली, “आजोबा, बंद करा ना, टोचतंय!” तिला १५ हजारही लख्ख ऐकू येत होतं. वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात, हे पुस्तकी ज्ञान मला होतंच. पण तिच्या चेहऱ्यावर ते बघणं वेगळं होतं. काही दिवस मला खरोखर वाईट वाटलं. जे मला ऐकू येणार नाही ते मी कशासाठी नीट करतो आहे?

पुढे उत्तर एका तंबोऱ्याने दिलं. ओळखीच्या घरी मिरजेचा तंबोरा आहे. तो मी साध्या मायक्रोफोनने रेकॉर्ड करून आणला. तंबोऱ्याची जवारी म्हणजे एका तारेतून उठणारी स्वरांची रांगच. घोडीवर तार सूत घालून अशी टेकवतात, की मूळ षड्जावर गंधार, पंचम, आणि त्याच्याही वरचे सूक्ष्म स्वर आळीपाळीने उमलत राहतात. बिघडलेला ॲम्प्लिफायर त्या स्वरांत स्वतःचे स्वर घुसवतो. रांग विस्कटते, तंबोरा पत्र्याचा वाटायला लागतो. हे ओळखायला १५ हजार हर्ट्झ लागत नाहीत. ते ओळखायला तंबोरा ऐकलेला असावा लागतो, आणि मधल्या ज्या वर्षांत मी काही बांधलं नाही त्या वर्षांत मी खूप ऐकलं होतं. आता वरच्या स्वरांसाठी नात, आकड्यांसाठी मीटर आणि खरेपणासाठी तंबोरा, अशी तपासणी चालते. नातीला ट्विटरची बाजू निवडायला देतो, आणि तिचं म्हणणं ऐकतो.

१०. नवी साधनं शिकताना वय आड येत नाही. एलटीस्पाइस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. सर्किट काढा, तो लाटा काढून दाखवतो. जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिलेला चार ट्रान्झिस्टरचा १० वॅटचा क्लास ए ॲम्प्लिफायर मला कॉलेजात बांधायचा होता, भाग परवडले नव्हते. या वेळी आधी संगणकावर बांधला, मग टेबलावर. गाणं असो नसो, एका बाजूला सुमारे ३० वॅट उष्णता सतत निघते. म्हणून तो आमच्याकडे दिवाळीनंतर लागतो आणि होळीला कापडात गुंडाळला जातो. आवाज मात्र असा, की गायकाने श्वास घेतलेला कळतो.

११. नाद एकट्याचा असतो, पण दार उघडं ठेवलं की गाव आत येतं. रेडिओ दुरुस्त करणारी दुकानं आता मोबाइलची झाली आहेत. तिथल्या मुलांचा हात बारीक कामात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. त्यातला एकजण संध्याकाळी येऊन बसतो. मी त्याला प्रवाहाची परतीची वाट दाखवतो, तो मला गरम हवेच्या बंदुकीने चिप कशी उचलायची ते दाखवतो.

एकदा जवळच्या गावातल्या भजनी मंडळाचे लोक सप्ताहाचा ॲम्प्लिफायर घेऊन आले. “काका, वीणा कमी आणि भुंगाच जास्त ऐकू येतोय.” माझ्या टेबलावर यंत्र निर्दोष चाललं. मग मंदिरात गेलो. मिक्सर गाभाऱ्याजवळच्या बोर्डावर, ॲम्प्लिफायर मंडपाच्या बोर्डावर, दोन्हींचं अर्थिंग वेगळं, आणि दोघांमध्ये माइकच्या वायरीचा वेढा. दोन्ही एकाच बोर्डावर आणले आणि भुंगा थांबला. पण पखवाजाचा धुम्म तरीही ऐकू येईना, कारण मंडळाकडे पत्र्याचे कर्णे आहेत. कर्णा बोलण्यासाठी उत्तम, दूरवर पोचतो, पण खालचे स्वर त्याला निघत नाहीत. कणीक लावून तयार केलेली पखवाजाची डावी बाजू मंडपातल्या माणसाला समोर ऐकू येते आणि कर्ण्यातून गायब होते. माझं म्हणणं, कर्णे कमी करा, मंडपापुरत्या दोन पेट्या लावा. मंडळात यावर वाद झाला. आवाज गावाच्या शिवेपर्यंत गेला पाहिजे असं काहींचं मत. शेवटी वीणेकरी बुवांनी निकाल दिला, की जो ऐकायला आलाय त्याला नीट ऐकू येऊ द्या.

त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी आपल्या तालुक्यातून पंढरपूरला जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या एका दिंडीचं कीर्तन या मंडळाकडे असतं. त्या कीर्तनाला पेट्या लावायच्या ठरलं आहे. ८ इंची स्पीकर आले आहेत, सुताराने प्लाय कापून दिला आहे. खालचे-वरचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या कॉइल अजून गुंडाळायच्या आहेत, आणि मोबाइलवाला पोरगा म्हणतो आहे की त्या तो गुंडाळणार.